कोपऱ्याची मालकीण

आमच्या घरी काम धरण्याआधी त्यांनी आमची मुलाखत घेतली. माणूस कामाला ठेवताना काय काय विचारायचं ते आम्ही नवराबायकोनं ठरवून ठेवलं होतं. ते विचारायची वेळच आली नाही.

यवतमाळला दारव्हा रोडच्या बाजूला आम्ही घर बांधलं तेव्हा कॉलनी नवी होती. प्लॉट मोठे, माणसं नोकरीची, आणि प्रत्येकाला बाग हवी होती. बाग लावणं सोपं असतं. ती सांभाळायला भरवशाचा माळी मिळत नाही, हे घर बांधून झाल्यावर कळतं. आमचा पहिला माळी दिवाळीच्या आठवड्यात आला, पोस्त घेऊन गेला आणि पुढच्या दिवाळीला उगवला. दुसऱ्याच्या हाताला गुण होता, पण तो फोन कानाला लावून काम करायचा आणि फोनवर भांडण रंगलं की समोर येईल ते छाटत सुटायचा. आमची कण्हेर त्याच्या भावासोबतच्या जमिनीच्या वादात गेली.

मग शेजारच्या गुरुजींनी एक नाव सुचवलं. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या भिंतीला लागून त्यांची भिंत. ते म्हणाले, "एक बाई आहे. काम चोख करते. पण ती तुम्हाला ठेवते की नाही, ते पाहावं लागेल." मला वाटलं बोलण्याच्या ओघात गुरुजींची काहीतरी गफलत झाली. झाली नव्हती.

त्या जुन्या मोपेडवर आल्या. साठीच्या आसपासच्या, उंच, हडकुळ्या. लुगड्यावर पुरुषी फुल शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला पांढरा दुपट्टा करकचून बांधलेला. दाराकडे न येता त्या सरळ मागच्या अंगणात गेल्या. बोरचा नळ सोडून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, गालात फिरवलं आणि गिळलं.

"खारं हाय," त्या म्हणाल्या. "गुलाब रडन तुमचा."

मी काही बोलणार तोच पुढचा प्रश्न आला. "भांड्याचं पानी कुठी जाते?"

"गटारात."

माझ्याबद्दलचं त्यांचं मत तिथं पक्कं झालं असावं. मग त्यांनी घराच्या खिडक्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "घरात कोन वरडते?"

"म्हणजे?"

"वरडनारं घर मी धरत नाई. आयकून आयकून माहं डोकं फिरते, अन् मंग मी झाडाले जास्त छाटतो."

आमच्याकडच्या जुन्या बायका बोलताना स्वतःला 'करतो, येतो, जातो' असंच म्हणतात. मी कॉलेजात मराठी शिकवते, पण माझी आजीही असंच बोलायची, त्यामुळे माझ्या कानाला ते कधी खटकलं नाही. मी सांगितलं की घरात कोणी ओरडत नाही, नवरा कोषागारात आहे आणि शांत आहे. "कोशागारातले शांतच राहतेत," त्या म्हणाल्या. हे कौतुक होतं की काय, ते मला समजलं नाही.

"मावशी, चहा घेता का?" मी विचारलं.

त्यांनी दुपट्टा सोडून पुन्हा बांधला. "मावशी कोनाची? या गल्लीत तुमाले मॅडम म्हनतेत. त्या बँकवालीले मॅडम म्हनतेत. साऱ्या कामावर जाता म्हनून म्हनतेत ना? मी बी कामावरच आली."

आवाजात राग नव्हता. बाजारात भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून त्या आमच्या मॅडम झाल्या. मला मात्र त्या ताई म्हणत आणि नवऱ्याला भाऊ.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी शेवटची अट सांगितली. ज्या घरी काम धरायचं, त्या घरच्या अंगणातला एक कोपरा त्यांचा. तिथं काय लावायचं ते त्या ठरवणार. आम्ही विचारायचं नाही, तोडायचं नाही. "मेहनत माही, पानी तुमचं," त्या म्हणाल्या. नवरा तोवर बाहेर आला होता. त्याला हे सगळं गमतीचं वाटलं. तो हसून म्हणाला, "घ्या की. एवढी जागा पडलीच आहे." त्यांनी अंगणाला एक फेरी मारली आणि भिंतीजवळचा, संडासाच्या टाकीमागचा कोपरा निवडला. आम्हाला तो नकोच होता.

आता त्या कळंबला लेकीकडे असतात. लेकीच्या घराला अंगण आहे, त्यामुळे कोणाच्या दारी जावं लागत नाही. पण मी सांगते आहे ते त्या आमच्या कॉलनीत मोपेड फिरवत होत्या तेव्हाचं.

कामाला त्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येत. आजारी असल्या तर आदल्या संध्याकाळी मोबाइलवर त्यांचा आवाजी निरोप यायचा. लिहिणं त्यांना जमत होतं, पण आवडत नव्हतं. निरोपाची सुरुवात नेहमी भांडणासारखी असायची. "ताई, उद्या मी नाई येऊन राह्यली. जास्वंदाले हात लावू नका. मागच्या बारी तुमी लावला, मले दिसला." एकदा हा निरोप मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चुकून मोठ्यानं लावला आणि पुढे आठवडाभर सहकारी मला जास्वंदाची खुशाली विचारत होते.

झाडांशी त्या प्रेमानं बोलत नसत. उलट त्यांना शिव्या देत. लिंबाला फळ धरेना तर त्याला केरसुणीनं झोडपलं आणि वर बजावलं, "खातं नुसतं, देत काई नाई. लाज नाई वाटत?" फुललेल्या मोगऱ्याजवळून जाताना मान फिरवून म्हणायच्या, "लय माजला." कौतुक केलं की झाड शेफारतं असं त्यांचं म्हणणं होतं. माणसांबद्दलही बहुधा तेच असावं, कारण कोणाची स्तुती केलेली मी ऐकली नाही.

चुकाही करत. आमचा कढीपत्ता त्यांनी ऐन उन्हाळ्यात बुंध्यापर्यंत छाटला. मी म्हटलं, मरेल. म्हणाल्या, दुप्पट फुटन. तो मेला. वाळका बुंधा उपटून कुंपणाबाहेर टाकताना त्यांनी निकाल दिला, "झाडच खोटं होतं." त्यांच्या हातून जगलेली झाडं खरी आणि मेलेली खोटी. या हिशेबात त्यांच्याकडे कधी चूक यायचीच नाही. नवरा म्हणायचा, हा नियम आमच्या ऑफिसात लागू झाला तर निम्मी डोकेदुखी जाईल.

त्याला समोरच्या अंगणात हिरवळ लावायची होती. मोबाइलवर त्यानं चित्रंही काढून ठेवली होती. एका रविवारी तो मॅडमना ती दाखवू लागला. त्यांनी चष्मा नव्हता म्हणून मोबाइल हातभर लांब धरून एकेक चित्र नीट पाहिलं.

"हे गवत हाय," त्या म्हणाल्या.

"हो. लॉन."

"भाऊ, गवत निंदता निंदता माह्या मायची कंबर गेली. माह्या सासूची गेली. माही अर्धी गेली. अन् तुमी मले गवत लावाले सांगून राह्यले?"

नवऱ्यानं मोबाइल खिशात ठेवला. हिरवळीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. समोर मग अबोली, गलांडा, गुलबक्षी असं काय काय आलं, आणि कुंड्या आल्या. या कुंड्यांची एक वेगळीच गंमत होती. आमच्याकडे चहा घेताना मॅडम पेपर मागून घेत आणि त्यातल्या फक्त बदल्यांच्या बातम्या वाचत. कुठल्या साहेबाची बदली झाली, कोण दिग्रसला चाललं, कोण पुसदला. साहेब सामान बांधतो तेव्हा सोफा नेतो, फ्रिज नेतो, कुंड्या मागे ठेवतो. ट्रक हलला की मॅडम मोपेड घेऊन बंगल्यावर हजर. तिथल्या चौकीदाराशी त्यांची ओळख असे. त्यामुळे आमच्या अंगणात फिरताना त्या झाडांची ओळख साहेबांच्या हुद्द्यावरून करून द्यायच्या. ही शेवंती जुन्या इंजिनिअरची, हा क्रोटन डॉक्टरणीचा, आणि ते कोपऱ्यातलं निवडुंग अशा एका अधिकाऱ्याचं की ज्याच्याबद्दल त्या फक्त एवढंच बोलायच्या, "जसा साहेब, तसंच झाड."

गुरुजींचं प्रकरण त्याच सुमाराचं. भल्या सकाळी फिरायला निघणाऱ्यांपैकी कोणीतरी आमची फुलं तोडून नेत होतं. आम्हाला संशय कॉलनीबाहेरच्यांवर. मॅडमना सांगितलं तर त्या एका सकाळी लवकर येऊन जास्वंदामागे खुर्ची टाकून बसल्या. थोड्या वेळानं भिंतीवरून एक काठी आत आली. टोकाला तारेचा आकडा. आकड्यानं फांदी खाली ओढली, मागोमाग एक हात आला, हातात प्लास्टिकची पिशवी. मॅडमनी आकडा धरून ठेवला.

"गुरुजी," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तुमचा देव चोरीचा माल घेते काय?"

पिशवी धरलेला हात भिंतीपलीकडे गेला. मग गुरुजी म्हणाले, "पूजेसाठी नेलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत."

"मंग काठी सोडून फाटकातून या."

गुरुजी काही फाटकातून आले नाहीत. काठीही परत मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, कोणाला न विचारता दोन जास्वंदी आणि एक तगर लावून टाकली. पाणी घालायला गुरुजींना फर्मावलं. फुलं यायला लागली तेव्हा ती तोडायला शेजारच्या कॉलनीतली माणसं येऊ लागली, आणि आमचे गुरुजी भल्या सकाळी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसू लागले. त्यांची मॅडमवर मग फार निष्ठा बसली. मॅडमना या गल्लीत मीच सुचवलं, असं ते लोकांना सांगत.

आता मॅडमचा कोपरा. सुरुवातीला तिथं काहीच दिसत नव्हतं. नंतर एक कोंब आला, पानं रुंद, जरा खरबरीत. मॅडमना विचारायचं नाही असं ठरलं होतं म्हणून मी विचारलं नाही. त्यांनीच एकदा सांगितलं. भोकर होतं. बोरी अरब गावाच्या पलीकडे त्यांचं माहेर, तिथं नाल्याच्या काठी भोकराचं जुनं झाड होतं. रस्ता रुंद करताना ते गेलं. जायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांनी त्याच्या बिया आणून ठेवल्या होत्या. बऱ्याच पेरल्या, उगवली एवढीच एक. "माही माय भोकराचं लोनचं घालाची," त्या म्हणाल्या. "इथं बाजारात भेटते, पन त्याले चव नाई."

त्यांच्या स्वतःच्या घरी अंगण नव्हतं. त्यांची वस्ती मी नंतर पाहिली. घराला घर चिकटलेलं, गल्ली इतकी अरुंद की मोपेड उभी करायची तर हँडल वळवूनच. तेव्हा लक्षात आलं की ही बाई कॉलनीभर कोपरे का मागत फिरत होती. बँकवालीकडे त्यांचा शेवगा होता. पुढच्या गल्लीत एका वकिलाकडे अंबाडी आणि वालाचा वेल. आणखी कुठे सीताफळ. त्यांची बाग होती, फक्त ती एका जागी नव्हती.

भोकर आमच्याकडे चांगलं वाढलं. टाकीमागचा ओलावा त्याला मानवला असावा. कंपाउंडच्या भिंतीवरून त्याचा शेंडा दिसू लागला, आणि मॅडम म्हणू लागल्या की येत्या वर्षी मोहर धरेल.

त्या वर्षी यवतमाळात पाण्याचे हाल झाले. ज्यांनी ते वर्ष इथं काढलं त्यांना काही सांगायला नको. नळ कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. बोरमधून आधी गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा. घरोघरी दारात निळे ड्रम उभे राहिले आणि टँकरचा हॉर्न वाजला की प्राध्यापक, वकील, गुरुजी सगळे बादल्या घेऊन धावू लागले. नवऱ्यानं घरात शिस्त लावली. तोंड धुतलेलं पाणी वेगळं, भाज्या धुतलेलं वेगळं, भांड्यांचं वेगळं. सगळं बागेला.

पण सगळ्या बागेला पुरेल एवढं ते नव्हतंच. साहेबांच्या कुंड्या एकेक करून गेल्या. मोगरा गेला. नवऱ्याचा जीव आंब्यात होता. घर बांधलं त्याच वर्षी त्यानं ते कलम लावलं होतं आणि त्या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदा कैऱ्या धरल्या होत्या. सुपारीएवढ्या झाल्या आणि गळायला लागल्या. ऑफिसातून आला की तो आधी आंब्याखाली जाऊन गळलेल्या कैऱ्या उचलायचा आणि ओट्यावर ओळीनं मांडून ठेवायचा. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एका दुपारी तो लवकर घरी आला. मॅडम भांड्यांच्या पाण्याची बादली घेऊन कोपऱ्याकडे चालल्या होत्या.

"हे पाणी आंब्याचं आहे," तो म्हणाला.

"आंब्याले सकाळी देल्लं, भाऊ."

"मग आत्ताही द्या. कैऱ्या गळून राहिल्या, दिसत नाही का?"

"दिसते. पन कोपऱ्याले परवापासून थेंब नाई भेटला."

"कोपऱ्याचं मागून पाहू. पाणी आमचं आहे, मॅडम."

त्या थांबल्या. "पानी तुमचं, असंच ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "अन् कोपरा माहा, असं बी ठरलं होतं."

माझा नवरा शांत माणूस आहे. तेव्हाही त्यानं आवाज चढवला नाही. "ठरलं असेल. पण जागा तर आमचीच आहे ना?"

मी ओट्यावर उभी होते. मॅडम बादली घेऊन आंब्याजवळ गेल्या, आळ्यात पाणी हळूहळू ओतलं, शेवटचा थेंबही निथळू दिला. बादली पायरीवर पालथी घातली. शर्टाच्या बाह्या खाली सोडून बटणं लावली.

"ठीक हाय भाऊ. जागा तुमची. झाड माहं."

एवढं म्हणून त्या गेल्या. आम्हाला वाटलं, राग दोन दिवसांत उतरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वस्तीतल्या दोन बायका घेऊन आल्या. तिघींच्याही अंगात शर्ट, हातात सब्बल, फावडं, घमेलं, खांद्यावर पोती. मागे माल वाहायची ऑटो. माझ्याकडे पाहून मॅडमनी नेहमीसारखं "ताई, चहा मागून घिऊ" म्हटलं आणि कोपऱ्यात जाऊन खोदायला सुरुवात केली.

मे महिना होता. सकाळीच अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. झाडाभोवती त्यांनी गोल चर घेतला आणि आत आत जात राहिल्या. मातीचा गोळा सुटू नये म्हणून पोती ओली करून गुंडाळायला हवी होती, पण पाणी त्यांनी आमच्याकडे मागितलं नाही. घरून आणलेल्या कॅनमधलं वापरलं. मुळं टाकीच्या भिंतीला जाऊन चिकटली होती. ती तोडताना मात्र त्या तोंडातल्या तोंडात झाडाला शिव्या देत होत्या, एकामागून एक, न थांबता.

गुरुजी भिंतीवरून डोकावले. "अहो, मे महिन्यात झाड हलवतं का कोणी? जगेल का ते?"

"गुरुजी, मालकानं काढलं त् भाडेकरू मे महिना पाह्यत नाई."

नवरा तेव्हा ऑफिसला निघाला होता. तो स्कूटर स्टँडवर लावून परत आला आणि म्हणाला, "मॅडम, असू द्या. राहू द्या ते तिथंच. पाणी देऊ आपण."

त्या खड्ड्यात कमरेएवढ्या उभ्या होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "हात नका लावू भाऊ."

त्यानं हात लावला नाही. पण तसा निघूनही गेला नाही. झाड आडवं करून ऑटोत चढवलं तेव्हा ते फाटकातून निघेना. फाटकाची दुसरी फळी आम्ही कधी उघडलीच नव्हती, तिचा खिटा गंजून बसला होता. नवरा आत जाऊन हातोडी घेऊन आला. ऑफिसचे कपडे, इस्त्रीचा शर्ट, आणि तो खाली वाकून खिट्यावर घाव घालत होता. फळी उघडली. ऑटो बाहेर पडली. झाडाचा शेंडा मागून लोंबत होता, रस्त्याला घासत गेला. मॅडम मोपेडवर मागोमाग. चहा घ्यायचा राहूनच गेला.

आमच्या कोपऱ्यात खड्डा उरला. तो कोणी बुजवला नाही.

गल्लीतली बाकीची घरं त्यांनी सोडली नाहीत. ठरलेल्या दिवशी त्या यायच्या, मोपेड नेहमीसारखी आमच्याच फाटकाशी लावायच्या, कारण सावली तिथंच होती, आणि बँकवालीकडे जायच्या. मी दिसले तर "काय ताई" म्हणायच्या. आत यायच्या नाहीत. आंबा जगला. कैऱ्या सगळ्या गेल्या.

जून लागला, तरी पावसाचा पत्ता नव्हता. एका सुट्टीच्या सकाळी मी त्यांच्या वस्तीत गेले. त्यांनी परत यावं, असं मला वाटत होतं. माळी हवा होता हे खरंच, पण तेवढंच नव्हतं. त्या घरी नव्हत्या. शेजारणीनं सांगितलं, विहारात असतील. गल्लीच्या टोकाला विहार, समोर थोडी मोकळी जागा, तिला विटांचं बुटकं कुंपण. मॅडम तिथं पायरीवर बसून दोरी वळत होत्या. "जयभीम ताई," म्हणाल्या आणि सरकून जागा दिली.

भोकर तिथंच लावलं होतं, कुंपणालगत. चारी बाजूंनी बांबूचा टेकू. अंगावर एक पान नव्हतं. मी जवळ जाऊन फांदी नखानं खरडून पाहिली, जसं त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. आत हिरवं काही नव्हतं. कोरडं ठाक.

"गेलं," मॅडम पायरीवरून म्हणाल्या. "आनलं त्याच्या आठ-दहा दिवसांतच गेलं."

मी परत येऊन बसले. मग म्हटलं, "मॅडम, या ना परत. ह्यांनाही वाटतं."

"सोडलेलं घर मी धरत नाई, ताई. राग नाई माहा. पन नाई धरत."

थोडा वेळ त्या दोरी वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ येतेत ना इकडे."

"कोण भाऊ?"

"कोन म्हनजे? तुमचा मानूस. ऑफिस सुटलं का येतेत. स्कूटरवर कॅन बांधून पानी आनतेत. कुठून आनतेत ते मले मालूम नाई. झाडाच्या बुडाशी टाकतेत, उभे राहतेत जरा वेळ, अन् जातेत. माह्याशी बोलत नाई. मी बी बोलत नाई."

घरातला एक मोठा कॅन महिनाभर जागेवर नव्हता. मी विचारलं होतं, तर ऑफिसात पाणी नाही म्हणून नेतो, असं तो म्हणाला होता.

"पण झाड तर मेलंय," मी म्हटलं.

"हो ना."

"मग त्यांना सांगितलं नाही तुम्ही?"

मॅडमनी दोरीचं टोक दातात धरून गाठ मारली. "कायले सांगू? बुडाशी मी पपई टोचली हाय, दोन बोटं आली. पानी तिले जाते." मग दुसरीकडे पाहत म्हणाल्या, "अन् त्याईले वाटते का झाड जिवंत हाय. वाटू द्या ना. रोज येतेत बिचारे."

'बिचारे' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

मी घरी येऊन नवऱ्याला काही बोलले नाही. कॅनबद्दलही विचारलं नाही. तो रोज उशिरा यायचा आणि मी रोज उशिरा का म्हणून विचारायचं टाळायचे. पुढे पावसाळा लागला. नळ येऊ लागले, ड्रम मागच्या अंगणात उलटे पडले. एका संध्याकाळी बाहेर चांगली झड लागलेली असताना तो मागच्या दारानं आला, कॅन नळाखाली धरला आणि भरायला लागला. रेनकोट अंगात होताच. मग मात्र मला राहवलं नाही.

"पावसात कशाला पाणी नेता?" मी म्हटलं. "आणि ते झाड..."

"ते झाड मेलं आहे," तो म्हणाला. "मला माहीत आहे. दुसऱ्याच आठवड्यात कळलं."

"मग?"

कॅन भरला. त्यानं नळ बंद केला, झाकण लावलं, ते घट्ट बसलं की नाही ते दोनदा दाबून पाहिलं.

"मॅडमनी अजून तसं म्हटलं नाही," तो म्हणाला. "त्या म्हणतील तेव्हा थांबीन."